जुन्या टाटामोबाइलचा एसी: गॅस भरायचा, बदलायचा, की सगळं नवीन घालायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. गुहागरजवळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तुमचं घर. वडिलांनी घेतलेली 1993 ची टाटामोबाइल पिकअप अजून चालू आहे. 1996 मध्ये त्यांनी मुंबईत तिला बाहेरून एसी बसवून घेतला: डॅशखाली लोंबतं युनिट, रेडिएटरच्या तोंडाशी कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी कॉइल), इंजिनाला गॅस दाबून फिरवणारा पाच पिस्टनचा 508 कॉम्प्रेसर. बरीच वर्षं तो बंदच होता. गेल्या चैत्रात तुम्ही गॅस भरलात, पंधरा दिवस छान गार झालं, मग उतरत उतरत नुसता वारा उरला. आता एक जण म्हणतो परत गॅस भरा, दुसरा म्हणतो सगळं उपटून नवीन किट घाला, आणि तिसरा म्हणतो जुना गॅस मिळत नाही तर घरच्या एसीचा भरून देतो.

तिसऱ्याला आजच नाही म्हणा, कारण पुढे सांगतो. पण तिघांपैकी कोणीही एक गोष्ट विचारलेली दिसत नाही: आधीचा गॅस गेला कुठे? एसीचा गॅस डिझेलसारखा खपत नाही. पाइपांत कोंडलेला तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. पंधरा दिवसांत तो संपला म्हणजे तो कुठून तरी बाहेर पडला, आणि जिथून तो गेला तिथूनच आपली दमट हवा आत शिरली. मी चिपळूणला सत्तावीस वर्षं गाड्यांचे एसी करतोय. या किनारपट्टीवर एसी मरतो तो बहुतेक वेळा खारी हवा आणि ओल यांनी. गॅसचं नाव हा त्यानंतरचा मुद्दा.

काही गोष्टी गाडी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत, ते कबूल करतो. कॉम्प्रेसर आतून शाबूत आहे का, कूलिंग कॉइल गळतेय का, चैत्रात नेमका कोणता गॅस भरला, यावर खर्च दुप्पटही होईल किंवा निम्माही. शेवटचं मात्र तुम्ही स्वतः पाहू शकता. चार्जिंगचे दोन व्हॉल्व्ह शोधा. आर-12 हा जुना गॅस, आर-134ए त्याच्या जागी आलेला नवा. जुन्या आर-12 च्या व्हॉल्व्हला आटे असतात, होज त्यावर फिरवून बसते. आर-134ए चा जाडसर असतो आणि जोड दाबला की टक्‌ करून बसतो. तुमचे आट्यांचेच असतील आणि जवळ कसलीही चिठ्ठी नसेल, तर आत भेसळ आहे असंच धरून चालायचं. गेजवर दाब बघून गॅस ओळखतो असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. 30 अंशांना उभ्या गाडीत आर-12 दाखवतो 93 पीएसआय आणि आर-134ए दाखवतो 97. एवढ्या फरकावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

त्याच आकड्यात आणखी एक गोम आहे. इंजिन बंद असताना गेजवरचा दाब तापमान सांगतो, गॅस किती आहे ते सांगत नाही. आत पाव किलो द्रव असो की पाऊण किलो, काटा तिथेच. म्हणून ‘प्रेशर बघून’ भरलेला गॅस बहुतेक वेळा कमी तरी असतो किंवा जास्त तरी. गॅस वजनावर भरायचा असतो, सिलिंडर काट्यावर ठेवून.

आता लीककडे येऊ. तुमच्या गाडीत मी तीन जागा आधी बघेन.

पहिली कंडेन्सरची खालची ओळ. समोरची जाळी काढा आणि टॉर्च मारून अगदी खाली बघा. वरच्या पट्ट्या ठीकठाक दिसतात, पण खाली, जिथे लाल माती आणि खारं पाणी साचून वाळतं, तिथे ॲल्युमिनियमवर चुन्यासारखी पांढरी पूड चढलेली असते. बोट लावलं की पट्ट्यांचा पापडासारखा चुरा होतो. त्या पुडीखाली नळीला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. क्लॅम्पचा लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमला टेकलेला असेल तर तिथे तर आधी, कारण दोन धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच झाली, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. तुम्ही याच गाडीतून मासळीच्या पेट्या नेत असाल तर पेटीतून ठिबकणारं पाणीही हिशोबात धरा.

दुसरी जागा कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती गॅस अडवणारी रिंग. कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणाऱ्या क्लचच्या मागे बॉडीवर तेलकट ओलावा आणि त्यावर चिकटलेली तांबडी धूळ दिसली, तर सील गळतंय. एसी महिनोन्‌महिने बंद राहिला की सीलवरची तेलाची पातळ साय वाळते आणि गॅसला वाट मिळते. तुमचा तर बरीच वर्षं बंद होता.

तिसरी जागा होज पाइपांचे दाबून बसवलेले जोड आणि आतल्या ओ-रिंगा. 1996 च्या काळ्या नायट्राइल रिंगा आज हातात घेतल्या तर चपट्या होऊन गारगोटीसारख्या कडक झालेल्या असतात.

हे तपासायला सुका नायट्रोजन लागतो, रेग्युलेटर लावून साधारण 150 पीएसआय, आणि साबणाचा फेस. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा नको, ती पाणी घेऊन येते. आणि वेल्डिंगचा ऑक्सिजन तर कधीही नाही: दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतलं तेल एकत्र आले की स्फोट होतो. नायट्रोजन भरून रात्रभर ठेवा. रात्रीच्या गारव्याने काटा दोन-तीन पीएसआय उतरला तर चालतं. वीस उतरला तर लीक आहे, आणि ते सापडल्याशिवाय ग्रॅमभरही गॅस भरायचा नाही.

ओलीबद्दल इतकं का बोलतोय ते एका अनुभवावरून सांगतो. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूण बुडालं, तेव्हा नंतरचे तीन महिने आमच्याकडे पाण्याखाली राहिलेल्या गाड्याच होत्या. ज्या गाड्यांच्या एसीत गॅस धड होता, त्यांच्या पाइपांत पाण्याचा टिपूस सापडला नाही. क्लचचं बेअरिंग गेलेलं, ब्लोअर जळलेला, पण आतलं सगळं कोरडं. आणि ज्यांचा गॅस पुराआधीच गळून गेला होता, त्यांचे पाइप सोडले तर गाळाचं पाणी बाहेर आलं. भरलेला एसी स्वतःला राखतो. रिकामा राहिला की तो ओल पितो, पूर असो वा नसो.

तुमचा ड्रायर, म्हणजे पाइपांतली ओल शोषणारा डबा, कापून पाहिलात तर पटेल. ओल शोषणारे मणी चांगले असतात तेव्हा खुळखुळतात. किती तरी वर्षांच्या ड्रायरमधून मी तपकिरी चिखल काढलाय, मण्यांचा पत्ता नाही. तोच चिखल एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे कूलिंग कॉइलच्या तोंडाशी गॅस बारीक भोकातून सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, जाऊन बसतो. म्हणून सिस्टिम उघडली की ड्रायर नवीन, यात तडजोड नाही. आणि तो आर-134ए ला चालणाराच घ्यायचा, कारण आर-12 च्या ड्रायरमधले मणी नव्या गॅसशी जमवून घेत नाहीत.

ओल आहे की नाही हे चालत्या गाडीतही ओळखता येतं. एसी वीस मिनिटं गार, मग अचानक गरम, दहा मिनिटं बंद ठेवला की परत गार, असं होत असेल तर वाऱ्याकडे लक्ष द्या. वारा जोरात येतोय पण गरम आहे, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात पाण्याचा बर्फ झालाय. उलट वाराच कमी कमी होत गेला असेल, तर कूलिंग कॉइलवर बाहेरून बर्फ चढलाय, म्हणजे थर्मोस्टॅट बिघडला किंवा कॉइल मातीने बुजली. पहिल्याला व्हॅक्यूम आणि ड्रायर लागतो, दुसऱ्याला पाणी आणि ब्रश. दोन्हींना ‘गॅस कमी आहे’ म्हणून गॅस भरणारे मी पुष्कळ पाहिलेत.

व्हॅक्यूमबद्दलही नीट समजून घ्या, कारण तिथे सगळे घाई करतात. पंप लावायचा तो नुसती हवा काढायला नाही, आतलं पाणी उकळवून वाफ करून काढायला. 30 अंशांना पाणी उकळायचं तर व्हॅक्यूमचा काटा साधारण पाऱ्याच्या 28.7 इंचांच्या पुढे जावा लागतो. आपण समुद्रसपाटीवर आहोत, चांगला पंप इथे 29 च्या पुढे नेतो. हाच पंप कोल्हापुरात, साडेपाचशे मीटर उंचीवर, 28 च्या आसपास थांबेल आणि तरी तो पंप चांगलाच असेल. मी निदान तासभर चालवतो, शक्य तर गाडी उन्हात आणि इंजिन कोमट ठेवून. मग पंप बंद करून अर्धा तास काटा बघत बसतो. हलला तर परत लीक शोधायचं. दहा मिनिटांत व्हॅक्यूम उरकणाऱ्याकडे गाडी देऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो. आणि हे काम आषाढ-श्रावणात उघड्या शेडमध्ये करू नका. दिवाळीनंतर करा.

आता गॅस. आर-12 ओझोनचा थर खातो म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो जगभर बंद होत गेला. भारत त्या करारात 1992 मध्ये आला आणि 2008 च्या ऑगस्टपासून आपल्याकडे त्याचं उत्पादन थांबलं. आज कोणी ‘जुना स्टॉक आहे’ म्हणून सिलिंडर दाखवला, तर आत काय आहे ते देवाला ठाऊक. तुमच्या गाडीत आर-12 थोडा उरला असेल तर तो हवेत सोडू नये, रिकव्हरी मशीन असलेल्याकडून वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. भेसळ झालेला गॅसही तसाच.

घरच्या एसीचा गॅस का नको? जुन्या घरगुती एसीत असतो तो आर-22. उभ्या गाडीत 30 अंशांनाच तो 158 पीएसआय असतो. ट्रॅफिकमध्ये कंडेन्सर 60 अंशांवर गेला की 335 च्या आसपास. तीच वेळ आर-12 ला 207 ची. तीस वर्षांच्या होजला हे झेपणार नाही, आणि ती फुटेल ती तुम्ही बॉनेट उघडून वाकलेले असताना. काही जण ‘ब्लेंड’ म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा गॅस भरतात. गार उत्तम होतं, हे खरं. पण कूलिंग कॉइल तुमच्या गुडघ्यांपाशी आहे. काचा बंद केलेल्या केबिनमध्ये ती गळली आणि ब्लोअरच्या ब्रशची एक ठिणगी पडली, तर काय होईल ते लिहायला नको.

उरतो आर-134ए. माझ्या मते तुमच्या गाडीला तोच. मात्र ‘आर-12 च्या जागी आर-134ए भरला’ एवढ्याने रूपांतर होत नाही. 2003 मध्ये ही चूक मी स्वतः केली. दापोलीच्या एका गृहस्थांच्या गाडीत जुनं तेल तसंच ठेवून नवा गॅस भरला. आठ महिन्यांनी कुंभार्ली घाटात त्यांचा कॉम्प्रेसर जाम झाला, पट्टा तुटला, आणि भर मे महिन्यात ते घरच्यांना घेऊन घाटात अडकले. तो कॉम्प्रेसर मी माझ्या खर्चाने बदलून दिला. कारण साधं होतं: आर-12 चं मिनरल तेल त्या गॅसमध्ये विरघळून त्याच्याबरोबर फिरतं, आर-134ए मध्ये विरघळत नाही. ते कूलिंग कॉइलमध्ये जाऊन बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो.

म्हणून कॉम्प्रेसर खाली उतरवायचा, तेल ओतून काढायचं, शाफ्ट हाताने फिरवत फिरवत निथळू द्यायचं. निघालेलं तेल पांढऱ्या फडक्यावर घ्या. स्वच्छ पिवळसर असेल तर कॉम्प्रेसर वाचला. राखाडी, चमचमणारं असेल तर तो आतून खरवडला गेलाय, बदलायचा. शाफ्ट फिरवताना अडखळल्यासारखं लागलं तरी बदलायचा. होज आणि कॉइल फ्लशिंग लिक्विडने धुऊन नायट्रोजनने फुंकायची. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. मग नवीन तेल. पीएजी आणि एस्टर असे दोन प्रकार मिळतात. नव्या गाडीला पीएजी, पण रूपांतराला मी एस्टरच घालतो. कितीही धुतलं तरी थोडं मिनरल तेल राहतंच आणि एस्टर ते सोसतं. पीएजी हवेतली ओल भराभर ओढतं, आपल्या हवेत त्याचा डबा उघडा राहिला की ते वाया गेलं.

होज सगळ्या नवीन, आत नायलॉनचा थर असलेल्या. आर-134ए चे कण बारीक असतात, जुन्या रबरातून ते झिरपतात. ओ-रिंगा हिरव्या एचएनबीआर रबराच्या, तेल लावून. कंडेन्सरही नवीन घ्या, तोही पॅरलल फ्लो, म्हणजे गॅस एकाच वेळी अनेक नळ्यांतून जाणारा. यात खर्च वाचवू नका. दोन्ही गॅसचा थंड बाजूचा दाब जवळपास सारखाच, 0 अंशांना आर-12 चा 30 आणि आर-134ए चा 28. गरम बाजूला मात्र आर-134ए वर जातो, 60 अंशांना 207 च्या जागी 229. ही जास्तीची उष्णता टाकायला जुना नळीचा कंडेन्सर अपुरा पडतो. गाडी पळत असताना कळणार नाही, पण चिपळूणच्या बाजारात अडकलात की लगेच कळेल. कंडेन्सरपुढे रिलेवर चालणारा इलेक्ट्रिक फॅन आणि प्रेशर स्विचही त्याच वेळी लावून घ्या.

गॅस किती? रूपांतरात आर-12 च्या वजनाच्या 80 ते 85 टक्के. जुन्या किटवर चिठ्ठी नसेल तर अंदाजाच्या तीन चतुर्थांशापासून सुरू करून थोडा थोडा वाढवायचा, गरम बाजूचा दाब आणि केबिनमध्ये वारा येतो त्या ग्रिलचं तापमान बघत. बाहेर 33 अंश असताना गरम बाजू 200 ते 230 च्या दरम्यान असावी. साईट ग्लासमधले, म्हणजे आतला गॅस दिसतो त्या छोट्या काचेतले, सगळे फुगे जाईपर्यंत भरू नका. आर-12 ला तो नियम चालायचा, इथे गॅस जास्त होतो. भरून झाला की आट्यांच्या व्हॉल्व्हवर आर-134ए चे जोड कायमचे बसवा आणि बॉनेटखाली गॅस, तेल, वजन, तारीख लिहून चिकटवा. पुढच्या मेकॅनिकवर तेवढे उपकार करा.

सगळं नवीन किट केव्हा? कॉम्प्रेसर गेला असेल आणि कूलिंग कॉइलही गळत असेल तर. दोन्ही शाबूत असतील तर वर सांगितलेलं काम माझ्या अनुभवात किटच्या निम्म्या खर्चात बसतं. शिवाय वडिलांनी बसवलेलं युनिट जागेवर राहतं, आणि तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून त्याचं तुम्हाला मोल आहे असं वाटलं. तसं असणं रास्तच आहे. जाता जाता ट्रकवाल्यांसाठी: 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, म्हणून जुन्या ट्रकचे मालकही हल्ली विचारायला येतात. त्यांनी आधी गाडी 12 व्होल्टची की 24 ची ते बघावं, क्लचची कॉइल आणि ब्लोअर त्याच व्होल्टेजचे लागतात.

इंजिनाचंही बघा. तुमचं 1948 सीसीचं डिझेल, टर्बो नाही, ताकद सत्तर घोड्यांच्या आत. त्यातून एसी तीन-चार घोडे घेतो, ते आंबा घाटात जाणवणारच. नव्या कंडेन्सरमागे बुजलेला रेडिएटर असेल तर इंजिन तापेल, तेव्हा रेडिएटर आधी साफ करून घ्या. चढावर तापमानाचा काटा निम्म्याच्या वर सरकला की एसी बंद, घाट संपला की चालू. ही सवय लावून घ्या.

अपेक्षाही योग्य ठेवा. किनाऱ्यावर एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. तोच एसी कराडच्या कोरड्या हवेत ग्रिलला 7 अंश देईल आणि गुहागरला 11. हा बिघाड नव्हे. मात्र युनिटखालच्या ड्रेन पाइपमधून पाणी टपटप पडलंच पाहिजे. ते पडत नसेल आणि शेजारच्याचे पाय भिजत असतील, तर पाइपात लाल माती अडकलीय, तारेने मोकळा करा.

काम झाल्यावर कंडेन्सर दर पंधरा दिवसांनी मागच्या बाजूने गोड्या पाण्याने धुवा, नळाच्या साध्या दाबाने. कार वॉशच्या फवाऱ्याने पट्ट्या वाकतात. गाडी शेडमध्ये उभी करा, समुद्राकडे तोंड करून नको. आणि एसी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लावाच, पावसाळ्यातही. सील ओलं राहतं आणि समोरच्या काचेवरचं धुकंही दोन मिनिटांत जातं.

जाळी काढून कंडेन्सरच्या खालच्या ओळीचा, कॉम्प्रेसरच्या क्लचमागचा आणि दोन्ही चार्जिंग व्हॉल्व्हचा असे तीन फोटो इथे टाका. ते बघून कॉम्प्रेसर उतरवायची गरज आहे की नाही ते नक्की सांगतो.